धागा: गाडी ब्रासवर भरता, पकडली जाते किलोवर. ओव्हरलोडचा नेमका हिशेब आणि कलम ११३, ११४, १९४

काटेकोर

खडी, वाळू, मुरूम, ऊस, विटा या मालाच्या वाहतुकीत ओव्हरलोडचे दंड वाढले, पण गाडी भरायची पद्धत जुनीच राहिली. क्रशरवर लोडरचे बकेट मोजतात, भट्टीवर विटा मोजतात, फडात मोळ्या मोजतात. मोटार वाहन कायद्याला यातलं काहीही कळत नाही, त्याला फक्त किलो कळतात. म्हणून हा धागा. जाणकारांनी आपापल्या भागातलं घालावं, फक्त आकडे खात्रीचे असू द्या.

सुरुवात सहाचाकी टिपरपासून करतो.

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं, दुसरं भरलेल्या गाडीचं एकूण वजन, ज्याला आपण पासिंग म्हणतो. समजा पासिंग १८,५०० किलो आणि रिकामं वजन ६,८०० किलो. वजाबाकी ११,७०० किलो. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि चूकही इथेच होते. कायद्यातल्या व्याख्येनुसार रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि क्लीनर धरलेले नसतात. दोघांचे १४० किलो धरा. ताडपत्री, दोर, साखळी, जॅक, हौद्याच्या तळाला चिकटून बसलेला ओला गाळ हे सगळं मिळून आणखी १००-१५० किलो सहज होतं. म्हणजे माल साधारण ११,४०० किलोच.

आता ब्रास. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. कोरडी क्रश सँड घनमीटरला साधारण १.६ टन भरते, म्हणजे ब्रासला साडेचार टन. तीच धुतलेली, पाणी निथळायच्या आत भरलेली असेल तर १.९ टनापर्यंत जाते, म्हणजे ब्रासला ५.४ टनांच्या आसपास. २० मिमी खडी ब्रासला सव्वाचार ते साडेचार टन.

सहाचाकीत अडीच ब्रास कोरडी वाळू = ११.३ टन. बसते.
तीन ब्रास कोरडी = १३.६ टन. सव्वादोन टन जादा.
तीन ब्रास ओली = १६.१ टन. पावणेपाच टन जादा.

हौदा तोच, फाळक्यापर्यंतची पातळी तीच, डोळ्याला फरक शून्य. पावसाळ्यात आणि वॉशिंग प्लांटवरून भरताना हा फरक ड्रायव्हरच्या नाही, भरणाऱ्याच्या लक्षात यायला हवा.

दंड: १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९४(१) प्रमाणे २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवायचा खर्च वाहतूकदाराचा. वरच्या ओल्या वाळूच्या गाडीला चार पूर्ण टन धरले तरी २८,०००. त्याआधी हाच हिशेब २,००० अधिक टनाला १,००० असा होता, म्हणजे ६,०००. पूर्वी दंड गृहीत धरून भाडं ठरवायचे, ते गणित आता कोणत्याच फेरीत बसत नाही.

नवी_गाडी_जुनं_पासिंग

काटेकोर, छान मांडलंत. एक अडचण आहे. २०१६ ची सहाचाकी आहे, आरसीवर १६,२०० आहे. २०१८ ला केंद्राने सहाचाकीची मर्यादा साडेअठरा केली असं सगळे म्हणतात. मग साडेअठरापर्यंत भरलेलं चालतं का?

निरीक्षणवही

नाही. कलम ११३(३) ची भाषा पाहा. भरलेल्या गाडीचं वजन "नोंदणी प्रमाणपत्रात नमूद केलेल्या" एकूण वजनापेक्षा जास्त नसावं. राजपत्रातला आकडा ही कमाल मर्यादा आहे. तुमच्या गाडीला लागू होतो तो आरसीवरचा आकडा. आरसीवर १६,२०० असेपर्यंत १६,२०१ व्या किलोपासून जादा.

जुलै २०१८ च्या अधिसूचनेत काय बदललं ते एकदा लिहून ठेवतो, कारण याच्या चुकीच्या याद्या फिरतात:


चार टायरचा एक आस (ॲक्सल): १०.२ वरून ११.५ टन.
आठ टायरचा जोडआस: १९ वरून २१ टन.
तीन आसांचा संच, ट्रेलरला असतो तो: २४ वरून २७ टन.

सहाचाकीचं साडेअठरा याच अधिसूचनेतून आलं. ट्रेलरसह ओढणाऱ्या गाडीची सर्वांत वरची मर्यादा ४९ वरून ५५ टन झाली. पण कंपनी गाडी मंजूर करून घेताना त्यापेक्षा कमी वजनाला घेऊ शकते. बाजारातल्या अनेक दहाचाकी आरसीवर २८,००० किलोच्या आहेत. शेजारच्याच्या गाडीचा आकडा आपल्याला लावू नका. आरसी उघडा, किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहा.

आणखी एक. हौदा नंतर बदलून घेतला, फाळके उंच केले, जाड पत्रा मारला, स्प्रिंगच्या पाट्यांना जादा पान घातलं, की रिकामं वजन वाढतं. कलम ११३(३) मध्ये रिकामं वजन आरसीपेक्षा जास्त असणं हाही वेगळा भंग आहे. म्हणजे बॉडी बदलून घेतलेली गाडी रिकामी धावतानाही कायद्याबाहेर असू शकते. बॉडीचं काम झालं की आधी रिकामी गाडी काट्यावर घालून पावती घ्या, आरसीशी ताडून पाहा आणि फरक असेल तर बदल नोंदवून घ्या.

टायरतक्ता

जुन्या गाडीत नवं वजन का भरू नये याचं कागदापलीकडचं कारण टायरच्या बाजूला छापलेलं असतं. १०.०० आर २० टायरवर १४६/१४३ असा आकडा दिसला तर त्याचा अर्थ असा: एकेरी लावला तर ३,००० किलो, जोडीत लावला तर २,७२५ किलो. मागच्या आसाला चार टायर, म्हणजे १०,९०० किलो. जुन्या १०.२ टनाच्या आसाला हे पुरेसं होतं. ११.५ टनाला प्रत्येक टायरवर २,८७५ किलो येतात. त्याला जोडीसाठी किमान १४५ हवा, तो २,९०० किलोचा असतो.

आणि हा भार चारही टायरमध्ये हवेचा दाब सारखा असेल तेव्हाचा. जोडीतल्या आतल्या टायरमध्ये २० पीएसआय कमी असेल तर त्याचा वाटा बाहेरच्यावर पडतो. बाहेरचा तापतो, बाजूची भिंत सुटते. आतला टायर हाताने तपासायचा कंटाळा हे मागची जोडी फुटण्याचं पहिलं कारण आहे.

रस्ताबांधणी

रस्त्याच्या बाजूने थोडं लिहितो, कारण "एक-दोन टनाने रस्त्याला काय होतं" हे वाक्य फार ऐकू येतं.

भारतात डांबरी रस्त्याची जाडी आयआरसी ३७ या मार्गदर्शिकेप्रमाणे ठरते. त्यात सगळी वाहतूक ८.१६ टनाच्या एका प्रमाण आसात मोजतात, म्हणजे चार टायरचा एक आस. कुठलाही आस या प्रमाण आसाच्या किती पट नुकसान करतो हे काढायला दोघांच्या वजनाचं गुणोत्तर चौथ्या घातापर्यंत चढवतात. हा नियम १९५८ ते १९६० मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावा इथे झालेल्या रस्ता-चाचणीतून आला.

१०.२ टनाचा आस: १.२५ चा चौथा घात, २.४ पट.
११.५ टनाचा आस: १.४१ चा चौथा घात, जवळजवळ ४ पट.
१५ टनाचा आस: १.८४ चा चौथा घात, ११ पटींपेक्षा जास्त.

साडेअकरावरून पंधरा म्हणजे वजन ३० टक्के वाढलं, नुकसान जवळपास तिप्पट झालं. खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याची भरलेल्या गाड्यांची बाजू खचलेली आणि रिकाम्या गाड्यांची बाजू धड असते, ती यामुळे. गावरस्ते, ज्यांची जाडी मुळात हलक्या वाहतुकीसाठी धरलेली असते, ते क्रशर सुरू झाल्यावर एका पावसाळ्यात जातात. ठेकेदाराने डांबर खाल्लं असं गाव म्हणतं. कधी ते खरंही असतं, पण आसाचं वजन कोणी मोजलेलं नसतं.

रानवाट

या सगळ्यात ऊस कुठे बसतो? आमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून रात्रभर डबल ट्रॉली चालू असते. ट्रॅक्टर शेतीचा म्हणून त्याला ओव्हरलोड लागतच नाही असं मुकादम आणि गाडीमालक दोघंही ठामपणे सांगतात.

ऊसवाट

लागतं. कलम ११३(३) मध्ये "मोटार वाहन किंवा ट्रेलर" असे दोन्ही शब्द आहेत. ट्रॉली ही वेगळी नोंदणी असलेली गाडी आहे, तिला तिची स्वतःची आरसी आणि तिचं स्वतःचं पासिंग असतं. ट्रॅक्टर शेतीसाठी नोंदलेला असला की करात आणि परवान्याच्या बाबतीत सूट मिळते, वजनात नाही. दोन ट्रॉल्या असतील तर दोन आरसी पाहायच्या आणि दोन वजनं स्वतंत्र करायची.

ट्रॉलीच्या बाबतीत खरी गोष्ट दंडापेक्षा ट्रॅक्टरची आहे. हिशेब मांडून दाखवतो, अदमासे आहे पण दिशा कळेल.

ट्रॅक्टर २,२०० किलो. सपाटीला पुढच्या चाकांवर साधारण ८८० किलो, मागे १,३२०. दोन भरलेल्या ट्रॉल्या मिळून २५ टन. चढ ६ टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटरला ६ मीटर.

चढावर ओढ: २५ टनाचे ६ टक्के म्हणजे दीड टन, अधिक चाकांच्या घर्षणाचा अर्धा टन. हुकावर दोन टन. हुक जमिनीपासून अर्धा मीटर वर, ट्रॅक्टरच्या दोन आसांतलं अंतर २ मीटर. ही ओढ पुढच्या चाकांवरून ५०० किलो उचलते. त्यात पुढची ट्रॉली एका आसाची असेल आणि ऊस पुढे झुकवून रचला असेल, तर हुकावर खाली दाबणारं वजन येतं, ते आणखी १५० किलो उचलतं. पुढच्या चाकांवर उरले सव्वादोनशे किलो. स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही. एक खड्डा आला की पुढची चाकं हवेत.

उतारावर याच्या उलट. ट्रॉल्या मागून ट्रॅक्टरला ढकलतात. दीड टनातून घर्षणाचा अर्धा टन वजा, म्हणजे एक टन धक्का. बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. त्या चाकांवर १,३२० किलो, कोरड्या रस्त्यावर पकड त्याच्या सहा-सात दशांश, म्हणजे ८००-९०० किलो. मळी सांडलेल्या किंवा दवाने ओल्या रस्त्यावर त्याच्याही निम्मी. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील किंवा जोडलेले नसतील तर हा धक्का थांबवायला काहीच नाही. मागची चाकं घसरतात, ट्रॅक्टर आडवा होतो, कैची बसते, म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रॉली एकमेकांवर दुमडतात. अशा वेळी क्लच दाबणं किंवा गिअर काढून न्यूट्रल करणं हे सर्वांत घातक, कारण इंजिनाचा उरलासुरला रोधही जातो. उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर टाकायचा आणि तो उतार संपेपर्यंत बदलायचा नाही.

चढावर ट्रॅक्टरच्या तोंडावर दगड बांधणं किंवा माणूस बसवणं हा उपाय नव्हे. पुढचं वजन वाढवायचं तर कंपनीचे वजनाचे पत्रे येतात ते लावा. आणि मुळात घाटरस्ता असेल तर एकच ट्रॉली न्या.

रानवाट

ऊसवाट, हे कारखान्याच्या गट ऑफिसात लावण्यासारखं आहे. बाहेर लोंबणाऱ्या उसाबद्दलही लिहा.

ऊसवाट

ते कलम १९४(१अ). २०१९ च्या दुरुस्तीत आलं. माल हौद्याच्या बाजूंच्या बाहेर, पुढे, मागे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला तर २०,००० रुपये, वजन पासिंगमध्ये असलं तरीही. ट्रॉलीची रुंदी सव्वादोन मीटर आणि ऊस आडवा रचला तर टोकं दोन्ही बाजूंना बाहेर येणारच. गाडीच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर. पण मालाला या २.६ पर्यंत पसरायची मुभा नाही. हौद्याची बाजू हीच त्याची हद्द.

रात्रीच्या अपघातांत मोठा वाटा याचाच. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ट्रॉलीची मागची कड दिसत नाही. मागे लाल, बाजूंना पिवळ्या, पुढे पांढऱ्या परावर्तक पट्ट्या लागतात. त्या हौद्यावर लावलेल्या असतात आणि उसाची वाढी (शेंड्याकडची पानं) त्यावरच लोंबतात. पट्टी लावली, पण दिसत नाही. म्हणून मागची पट्टी आणि दिवा हौद्याच्या फळीवर न ठेवता चासीच्या खालच्या आडव्या पट्टीवर घ्या, जिथे वाढं पोचत नाही. भरून झाल्यावर कोयत्याने मागची आणि उजव्या बाजूची टोकं छाटून घ्या. टोळीतला माणूस हे काम दहा मिनिटांत करतो, तेवढी दहा मिनिटं मुकादमाने द्यायला हवीत. मागच्या ट्रॉलीच्या दिव्याची वायर पुढच्या ट्रॉलीखालून जाते आणि वळणावर ताणून तुटते. हुकाजवळ दीड फुटाचा सैल वेढा ठेवा.

ट्रॉली बंद पडली तर दगड लावतात आणि ट्रॉली काढल्यावर दगड रस्त्यातच राहतात. चाकाला लाकडी ठोकळे साखळीने ट्रॉलीलाच बांधून ठेवले तर हा प्रश्नच उरत नाही.

धरणकाठ

बैलगाडीला यातलं काही लागू होतं का?

निरीक्षणवही

बैलगाडी मोटार वाहन नाही, त्यामुळे कलम ११३ लागत नाही. पण ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी १२ ते ३ गाडी जुंपायची नाही. जनावराच्या आकारानुसार आणि चाकाच्या प्रकारानुसार वजनाची मर्यादाही त्यात आहे. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम लांबला की दुपारचा नियम सर्रास मोडला जातो.

काटेकोर

आता रस्त्यात गाडी अडवल्यावर काय होतं ते कोणी नीट लिहील का? यावर गैरसमज फार आहेत.

निरीक्षणवही

क्रमाने लिहितो.

कलम ११४: अधिकाऱ्याला मालवाहू गाडी किंवा ट्रेलर जादा भरलाय असं मानायला कारण असेल तर तो गाडी काट्यावर न्यायला सांगू शकतो. काटा पुढच्या वाटेवरच्या कुठल्याही ठिकाणापासून १० किलोमीटरच्या आत हवा, किंवा गाडी जिथे पोचायची त्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत. उलट दिशेला चाळीस किलोमीटर चला, असं या कलमाखाली सांगता येत नाही. पण हद्दीतल्या काट्यावर जायला नकार दिला, गाडी थांबवली नाही, किंवा वजनाआधी माल काढून टाकला, तर कलम १९४(२): थेट ४०,००० रुपये. अर्धा टन जादा असलेली गाडी वजन चुकवायला पळवली तर दुप्पट महाग पडते. रस्त्याच्या कडेला फाळका उघडून वाळू सांडणं म्हणजे हाच गुन्हा, शिवाय मागच्या दुचाकीवाल्याच्या जिवाशी खेळ.

वजन जादा निघालं तर अधिकारी जादा माल उतरवायचा लेखी आदेश देतो. उतरवणं तुमच्या जोखमीवर, तुमच्या खर्चाने. वजन मर्यादेत येईपर्यंत गाडी हलत नाही. परवान्यावर नोंद होते आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला कळवलं जातं.

इथे सर्वांत मोठा गैरसमज: "दंड भरला, पावती दाखवली की पुढे जाता येतं." येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली परमजित भसीन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात हे स्पष्ट केलं. कलम २०० खाली तडजोड शुल्क भरलं म्हणजे झालेल्या गुन्ह्याचा हिशेब मिटतो, जादा माल घेऊन पुढे जायची परवानगी मिळत नाही. २०१९ नंतर कलम १९४(१) मध्येच ते लिहिलं आहे. पुढच्या चौकीवर तीच गाडी पुन्हा जादा भरली, तर तो नवा गुन्हा.

ड्रायव्हरसाठी वेगळं: केंद्रीय मोटार वाहन नियम २१ मध्ये जादा माल नेणं हे लायसन्स निलंबनाचं कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना किमान तीन महिने निलंबन करायला सांगितलं. मालवाहू गाडीत माणसं बसवली तरी तेच. दंड मालक भरतो, लायसन्स मात्र ड्रायव्हरचं जातं. पगारावरच्या ड्रायव्हरने भरताना "मालक बघून घेईल" म्हणू नये ते यासाठी.

काटेकोर

आणि कलमाचे शब्द "जो चालवतो, चालवायला लावतो किंवा चालवू देतो" असे आहेत. म्हणजे मालकही त्यात येतो. व्यावसायिक माल वाहतूकदारांना तर २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्यानेही आरसीपेक्षा जास्त भरायला मनाई आहे.

नवी_गाडी_जुनं_पासिंग

काट्यात फरक असतो, दोन काट्यांवर दोन वजनं येतात. दोन-तीनशे किलोचा फरक तर धरायलाच हवा ना?

मापवाला

चांगल्या काट्यात इतका फरक नसतो. तितका येत असेल तर काटा किंवा वजन करायची पद्धत चुकली आहे.

व्यापारी काटे तिसऱ्या अचूकता वर्गाचे असतात. १० किलोच्या टप्प्याचा, म्हणजे आकडा दहा-दहा किलोने बदलणारा काटा घ्या. ३० टन म्हणजे ३,००० टप्पे. २,००० ते १०,००० टप्प्यांमध्ये पडताळणीच्या वेळी दीड टप्प्याची चूक चालते, म्हणजे १५ किलो. वापरात असताना त्याच्या दुप्पट, ३० किलो. २० किलोच्या टप्प्याचा काटा असेल तर १८ टनाला ९०० टप्पे होतात, तिथे पडताळणीत एक टप्पा, २० किलो, आणि वापरात ४०. दोन चांगल्या काट्यांत शंभर किलोच्या आतच फरक राहायला हवा.

वैधमापन शास्त्र विभागाची पडताळणी काट्याला दर १२ महिन्यांनी लागते. प्रमाणपत्र काट्याच्या खोलीत दर्शनी लावलेलं असतं, तारीख बघा. मग या गोष्टी:

गाडी चढायच्या आधी समोरचा आकडा शून्य आहे का. १० किंवा २० दाखवत असेल तर शून्य करायला सांगा.

प्लॅटफॉर्म आणि कडेच्या भिंतीतली फट. खडी किंवा वाळलेला चिखल अडकला की प्लॅटफॉर्म टेकतो आणि वजन कमी दाखवतो. हे सर्वांत जास्त वेळा होतं आणि सर्वांत कमी वेळा बघितलं जातं.

सगळी चाकं एकाच वेळी प्लॅटफॉर्मवर. लहान काट्यावर पुढची चाकं आणि मागची चाकं वेगळी तोलून बेरीज करतात. रस्ता आणि प्लॅटफॉर्म एका पातळीत नसतील, ब्रेक दाबलेला असेल, तर या बेरजेत शे-दोनशे किलो चुकतात. तुमचा दोन-तीनशेचा फरक बहुधा इथला.

डबल ट्रॉली पूर्ण बसत नसेल तर हुक सोडून एकेक तोला. हुक जोडलेला ठेवून एकच ट्रॉली तोलली की तिच्या दांड्यावरचं वजन ट्रॅक्टरवर जातं आणि ट्रॉली हलकी दिसते.

भरलेलं आणि रिकामं दोन्ही वेळा ड्रायव्हर आत असेल तर दोन्ही वेळा आत, बाहेर असेल तर दोन्ही वेळा बाहेर.

पावतीवर गाडी नंबर, तारीख, वेळ, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन आणि काट्याचं नाव. रिकामं वजन "मागच्या वेळचं" म्हणून टंकलेलं असेल तर ती पावती वादात टिकत नाही.

धरणकाठ

वाळू-मुरमाला महसूलचा वाहतूक पास असतो. पासवर तीन ब्रास लिहिले असतील तर तीन ब्रास कायदेशीर झाले ना?

काटेकोर

गौण खनिजाच्या नजरेने झाले. मोटार वाहन कायद्याच्या नजरेने नाही. पास सांगतो की या मालाची रॉयल्टी भरली आहे. गाडीने किती ओढावं हे तो सांगत नाही. उलटही खरं: वजन पासिंगमध्ये आहे पण पास नाही, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड. पास काढतानाच सहाचाकीला अडीच ब्रास लिहायला सांगा. तीन लिहून अडीच नेलं तर अर्ध्या ब्रासची रॉयल्टी वाया, तीन लिहून तीन नेलं तर दंड.

शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरवर भाड्याने वाळू किंवा विटा नेणं हा आणखी वेगळा प्रश्न. तिथे नोंदणीचा प्रकार, परवाना आणि विमा तिन्ही चुकतात.

विमाविचार

विम्याबद्दल दोन टोकांची मतं असतात, दोन्ही चुकीची. एक, ओव्हरलोड असेल तर विमा कंपनी काहीच देत नाही. दोन, थर्ड पार्टी आहे म्हणजे सगळं झाकलेलं आहे.

रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला भरपाई नाकारायची कारणं कायद्यात मोजून दिली आहेत, पूर्वी कलम १४९ मध्ये, आता १५० मध्ये. मालाचं जादा वजन त्या यादीत नाही. त्यामुळे जखमी माणसाला भरपाई मिळते. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या दाव्यात जादा वजन हा पॉलिसीच्या अटींचा भंग ठरतो, तिथे रक्कम कापली जाते किंवा दावा नाकारला जातो.

मालावर बसलेली माणसं हा सर्वांत दुःखद भाग. उसाच्या ट्रॉलीवर बसून टोळी पुढच्या फडात जाते, बायका-मुलांसह. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात ठरवलं आहे. अपघात झाला तर त्या कुटुंबाला मालकाकडूनच वसुली करावी लागते आणि ती बहुतेक वेळा होत नाही. टोळी हलवायची असेल तर वेगळी प्रवासी गाडी करा. हा खर्च मुकादमाच्या हिशेबात आधीपासून धरावा.

ट्रॉलीचा नंबर पॉलिसीवर आहे का तेही पाहा. ट्रॅक्टरची पॉलिसी काढली की ट्रॉली आपोआप आली असं होत नाही. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्ही. ड्रायव्हरच्या लायसन्सचं मात्र घाबरू नका. ट्रॅक्टर चालवायचं वैध लायसन्स असेल तर ट्रॉली जोडल्याने ते बाद होत नाही, हे २००१ च्या नागशेट्टी निकालात आहे.

भाडेपट्टी

जादा माल उतरवून दुसऱ्या गाडीत घातला तर ई-वे बिलाचं, म्हणजे जीएसटीच्या मालवाहतुकीच्या कागदाचं काय? गाडी काट्यावर उभी असताना हा प्रश्न येतो आणि कोणाला उत्तर माहीत नसतं.

काटेकोर

ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये गाडीचा नंबर असतो. पूर्ण माल दुसऱ्या गाडीत गेला तर तो नंबर बदलायचा. अर्धा माल दुसऱ्या गाडीत गेला तर पोर्टलवर एकापेक्षा जास्त गाड्यांची सोय आहे, तिथे प्रत्येक गाडीचं प्रमाण भरायचं. गाडी हलवायच्या आधी भरा. नाहीतर ओव्हरलोडमधून सुटलेली गाडी जीएसटीत अडकते. मुदतही पाहा: १ जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस, आणि माल उतरवण्यात एक रात्र सहज जाते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे खडी-वाळूच्या एका फेरीला हा प्रश्न सहसा येत नाही. सिमेंट, सळई, टाइल्सना येतो.

नवी_गाडी_जुनं_पासिंग

सळईचा विषय निघाला म्हणून शेवटचं विचारतो. बाराशे-पंधराशे किलो सळई, सहाचाकीत वजनाचा प्रश्नच नाही. पण बारा मीटरची कांब हौद्याबाहेर जाते. एक मीटरपर्यंत चालते, लाल फडकं बांधायचं, असं ऐकलंय.

निरीक्षणवही

ते जुनं झालं. मागे एक मीटरपर्यंत बाहेर काढायची मुभा केंद्रीय मोटार वाहन नियम ९३ मधून २०१४ साली काढून टाकली. आता हौद्याबाहेर आलेली सळई १९४(१अ) मध्ये येते, फडकं असो वा नसो. रात्री फडकं दिसत नाही आणि कांबीचं टोक मागच्या गाडीच्या काचेच्या उंचीवर येतं, म्हणून तर ती मुभा गेली.

२२ फुटी हौदा म्हणजे ६.७ मीटर. बारा मीटरची सरळ कांब त्यात कुठल्याच प्रकारे मावत नाही. दोन मार्ग आहेत. ८ ते १६ मिमीची कांब गिरणीतून किंवा दुकानातून मध्ये दुमडून मागवा, ती सहा मीटरमध्ये येते आणि २२ फुटीत बसते. दुमड मोठ्या वळणाची हवी. साइटवर ती सरळ करताना दुमडीची जागा तुळईच्या मधोमध किंवा जोडाच्या जागी येऊ देऊ नका, कापून वेगळी काढा. २० मिमीच्या वरची कांब दुमडू नका. ती ४० फुटी ट्रेलरवरच मागवा. हौदा १२.२ मीटरचा असतो, बारा मीटरची कांब आत बसते. एका साइटला ट्रेलरभर माल लागत नसेल तर शेजारच्या दोन-तीन साइट मिळून एक ट्रेलर घ्या, आणि तो जिथे वळू शकेल अशा मुख्य रस्त्यावर माल उतरवून घ्यायची जागा आधी ठरवा. तिथून साइटपर्यंत हवी तितकी कापून छोट्या गाडीने न्या.